मैदानाचे ऋण

या स्मरणिकेच्या पूर्वतयारीची पहिली बैठक झाली तेव्हा मजकुराची एक कच्ची यादी सदस्यांसमोर ठेवण्यात आली. संस्थेची वाटचाल, अध्यक्षांचे मनोगत, मुख्याध्यापकांचा अहवाल, शालान्त परीक्षेतील गुणवंतांची नामावली, डॉक्टर, अभियंते व अधिकारी झालेल्या माजी विद्यार्थ्यांची छायाचित्रे आणि देणगीदारांचे आभार, असा तो क्रम होता. क्रीडा विभागासाठी अर्धे पान राखून ठेवले होते. उरलेल्या अर्ध्या पानावर एका कापड दुकानाची जाहिरात यायची होती. ती यादी दुसऱ्या कोणी केली असती तर आम्ही कदाचित हरकत घेतली असती. पण ती आम्हीच केली होती.

त्या सायंकाळी मैदान ओलांडून घरी जाताना खो-खोचा एक खांब कललेला दिसला. धावपट्टीवर गवत माजले होते. गेल्या वर्षीपर्यंत असे दृश्य या शाळेत कोणी पाहिले नव्हते, कारण गेल्या वर्षीपर्यंत आमचे क्रीडाशिक्षक सेवेत होते. ३३ वर्षांच्या नोकरीनंतर ते निवृत्त झाले. आपले नाव या लेखात घालू नये असा त्यांचा आग्रह असल्याने आम्ही त्यांना ‘सर’ एवढेच म्हणणार आहोत. या शाळेत शिकलेल्यांना तेवढे पुरेसे आहे.

सरांचे पद अद्याप रिक्त आहे. ते भरण्याची मान्यता केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. दरम्यान मैदानाच्या पूर्वेकडील अर्ध्या भागावर अभ्यासिकेची इमारत उभारावी, असा एक प्रस्ताव संस्थेपुढे आला आहे. अभ्यासिका हवीच, याविषयी दुमत नाही. ज्या समाजाच्या मुलांना घरी दिव्याखाली बसायला कोपरा मिळत नाही, त्या समाजाच्या शाळेत अभ्यासिकेला विरोध कोण करील? तरीही ती मैदानावर उभारू नये आणि क्रीडाशिक्षकाचे पद एक दिवसही रिकामे ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत केवळ एका सहकाऱ्याच्या स्नेहापोटी बनलेले नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी समोरच्या बाजूचा विचार करू, कारण ती बाजू आपल्याच घरातली आहे. एका पालकसभेत एक गृहस्थ उभे राहून म्हणाले होते, “गुरुजी, आमच्या बापजाद्यांनी घाम गाळण्यातच जन्म घालवला. पोराला इथं पाठवलं ते त्याच्या अंगाला घाम येऊ नये म्हणून. त्याला पळवता कशाला?” या प्रश्नात अडाणीपणा नाही. त्यामागे इतिहास आहे. महारकीच्या वतनात गावाचा निरोप पोहोचवणे, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, ओझी वाहणे, मेलेली जनावरे ओढणे, ही सारी कामे शरीराचीच होती. ते शरीर गावाच्या मालकीचे होते, वेळीअवेळी हाक मारून उठवण्याजोगे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनविषयक विधेयक मांडले, ते ही गुलामी मोडण्यासाठी. कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने रद्द व्हायला पुढे १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे त्या पालकसभेत उभ्या राहिलेल्या गृहस्थांच्या वडिलांनी वेठ स्वतः पाहिलेली असणार. अशा माणसाला धावण्याविषयी शंका वाटली, तर आपण त्याला हसू नये.

सरांनी त्या गृहस्थांना दिलेले उत्तर आमच्या लक्षात आहे. ते म्हणाले, “दादा, तुमचे वडील दुसऱ्याच्या हाकेवर धावत होते. हा पोरगा स्वतःच्या मर्जीने धावतो आणि दमला की थांबतो. थांबायचा हक्क त्याचा आहे.” आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. वेठबिगारीवर आम्ही वर्गात अनेक तास बोललो असू. पण राबणे आणि खेळणे यांतला फरक इतक्या थोड्या शब्दांत आम्हाला कधी मांडता आला नाही. ज्याचे शरीर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या उपयोगाचे होते, त्याच्या मुलाने ते स्वतःच्या आनंदासाठी वापरणे, हीदेखील मुक्तीच आहे. पुस्तकाने बुद्धी स्वतंत्र होते. शरीर मात्र मैदानावरच स्वतंत्र व्हावे लागते.

हा विचार आमच्या चळवळीला नवा नाही. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. १९२५ साली सभेने सोलापूरला वसतिगृह काढले, हे आपण अभिमानाने सांगतो. आपल्यासारख्या निवासी शाळांची वंशावळ तिथपर्यंत नेता येते. पण त्याच सभेने मुंबईत मोफत वाचनालयाबरोबर महार हॉकी क्लबही चालवला होता, ही गोष्ट आपल्या भाषणांतून क्वचितच येते. तरुणांच्या मनात स्वाभिमान जागवावा आणि त्यांना जुगार व दारू यांपासून दूर ठेवावे, हा त्यामागचा हेतू होता. वसतिगृह, वाचनालय आणि खेळाचा संघ ही तिन्ही कामे बाबासाहेबांच्या संस्थेने हाती घेतली, तेव्हा तिच्यापाशी पैसा मुबलक नव्हता. काटकसरीत आधी खेळ कापावा, असे त्यांना वाटले नाही. शंभर वर्षांनंतर आपल्याला ते वाटते, याचा विचार व्हायला हवा.

याच काळातले दुसरे उदाहरण पालवणकर बाळू यांचे. १८७६ साली चर्मकार कुटुंबात जन्मलेला हा तरुण पुण्यात इंग्रजांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याच्या कामाला होता. तिथे साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तो असा गोलंदाज झाला की हिंदूंच्या संघाला त्याच्यावाचून चालेना. चेंडू त्याच्या हातून घेतला जाई. चहा मात्र त्याला मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे आणि जेवणाचे पानही निराळे मांडले जाई. १९११ साली भारतीय संघासह इंग्लंडला गेलेल्या बाळूंनी त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला रीतसर आले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. तरुण बाबासाहेबांना बाळूंविषयी मोठा आदर होता. पुढे राजकारणात दोघांचे मार्ग वेगळे झाले आणि १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहून पराभूत झाले, हेही इतिहासाने नोंदवले आहे. त्याने बाळूंच्या गोलंदाजीचे मोल कमी होत नाही. आम्हाला या चरित्रातून दिसते ते असे की एकट्या खेळाडूचे गुण त्याला मैदानाच्या आत नेतात. पण मैदानाबाहेरच्या चहाच्या भांड्याचा प्रश्न एकट्याच्या गुणांनी सुटत नाही. त्यासाठी सगळ्यांना एकत्र खेळवणारी संस्था लागते. हॉकी क्लब काढणाऱ्यांना हे कळले होते.

आता आपल्या शाळेकडे येऊ. वसतिगृहात पहिल्यापासून सगळ्या समाजांची मुले आहेत. बौद्ध, मातंग, चर्मकार, गोंड, तेली, कुणबी, भटके-विमुक्त. सकाळच्या वंदनेला सगळी एका ओळीत बसतात. परंतु आम्ही रुजू झालो त्या वर्षी भोजनगृहात पाहिले, तेव्हा मुले आपापल्या गटाने बसत होती. कोणी शिकवले नव्हते. गावाकडून येताना ती हे सोबत घेऊन आली होती. आणि खरे सांगायचे तर त्यात आमचीही मुले होती. आपल्याहून खालचा कोणीतरी शोधण्याची खोड जातिव्यवस्थेने सर्वांनाच लावली आहे. आम्ही त्यावर परिपाठात व्याख्यान दिले. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि दुपारी पुन्हा पूर्वीसारखीच बसली.

सरांनी व्याख्यान दिले नाही. त्यांनी खो-खोचे संघ पाडले. खो-खोमध्ये आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्याने मागून पाठीला हात लावून ‘खो’ म्हटल्याखेरीज बसलेल्याला उठता येत नाही. म्हणजे माझे उठणे तुझ्या हातावर अवलंबून. सरांनी जोड्या अशा लावल्या की भोजनगृहात दूर बसणारी मुले मैदानावर शेजारी आली. पहिले काही दिवस हात अंगाला न लावता नुसताच आवाज यायचा आणि सर शिट्टी वाजवून खेळ थांबवायचे. “हात लागला नाही, खो झाला नाही.” पावसाळा संपेपर्यंत हात लागू लागले. दिवाळीनंतर भोजनगृहातल्या रांगाही बदलल्या, त्या कोणी बदलल्या हे आम्हाला सांगता येणार नाही. आपल्या भाषेत लहान मुलांच्या एका खेळाला शिवाशिवी म्हणतात आणि अस्पृश्यतेलाही शिवाशिवच म्हणतात. कबड्डी, खो-खो, लंगडी हे आपले सारे खेळ शिवण्याचे आहेत. विटाळ मानणाऱ्या देशात हे खेळ जन्मले, याचे आम्हाला नेहमी आश्चर्य वाटते. त्यांचा असा उपयोग करणारा शिक्षक आम्हाला भेटला, हे आमचे भाग्य.

सरांची स्वतःची गोष्ट थोडक्यात सांगायची तर ते शेतमजुराचे चिरंजीव. शारीरिक शिक्षणाची पदवी त्यांनी अमरावतीहून घेतली, जिथल्या व्यायामशाळेच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. या शाळेत ते आले तेव्हा मैदान म्हणजे बाभळीचे रान होते. पहिली दोन वर्षे मुलांना घेऊन त्यांनी दगड वेचले, बाभळी काढल्या, पाणी साचू नये म्हणून चर खणले. रोज पहाटे साडेचारला त्यांची सायकल फाटकाशी येई. मुले साडेपाचला उठत. मधला तास त्यांनी गावाला दिला होता.

त्या तासाविषयी माजी विद्यार्थ्यांनाही फारसे माहीत नसेल. वस्तीतले बेकार तरुण त्या वेळी मैदानावर येत आणि सर त्यांच्याकडून पोलीस भरतीची तयारी करून घेत. मुलांसाठी १६०० मीटर, मुलींसाठी ८०० मीटर, त्याखेरीज १०० मीटर आणि गोळाफेक. शुल्क नव्हते. अट एकच होती, खर्रा सोडायचा. आमच्या विदर्भात सुपारी-तंबाखूचा हा घोटलेला खर्रा किती घरे पोखरतो, हे वेगळे सांगायला नको. खिशात पन्नी सापडली की सर काही बोलत नसत. त्या तरुणाला वेळ नोंदवण्याच्या वहीतले त्याचेच गेल्या महिन्याचे आणि या महिन्याचे आकडे वाचायला लावत. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने भारतमंत्र्यांकडे गेलेल्या अर्जात आपल्या समाजाने लष्करात व पोलिसांत प्रवेश मागितला होता. तो अर्ज आम्ही दहावीच्या वर्गात सांगत होतो आणि त्या अर्जाचे पुढचे पान बाहेर मैदानावर लिहिले जात होते, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला सर मोठ्या मुलांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जात. तिथे भाषणे ऐकायला बसवण्यापेक्षा ते मुलांना पाण्याच्या टाक्यांपाशी आणि हरवलेल्या मुलांच्या तंबूपाशी उभे करत. रांग कशी लावावी, म्हाताऱ्या माणसाला हात कसा द्यावा, रडणाऱ्या लेकराला नाव कसे विचारावे, हे ते आधी मैदानावर शिकवत. कवायत कशासाठी असते, असे आम्हाला कोणी विचारले तर आम्ही त्या रांगेकडे बोट दाखवू.

मुलींच्या बाबतीतले त्यांचे काम अधिक कठीण होते. आठवीनंतर मुलगी मैदानावर दिसली की घरून निरोप येई. सरांनी वाद घातला नाही. त्यांनी मातांचा मेळावा भरवला आणि त्या दिवशी प्रथम आयांची लंगडी ठेवली. पदर खोचून चाळिशीतल्या बाया लंगडी घालू लागल्या, पडल्या, पोट धरून हसल्या. त्यानंतर मुलींचा खो-खोचा सामना झाला. परत जाताना एका माउलीने आमच्याजवळ म्हटले, “लग्न झाल्यावर आजच पळाली मी.” त्यानंतर निरोप कमी झाले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली आणि महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी ती जिंकली, तेव्हा मुलींच्या वसतिगृहातला जल्लोष गावात ऐकू गेला. आपल्या शाळेतून तिथपर्यंत कोणी पोहोचले नाही. राज्य पातळीवर खेळलेलेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणूनच पदकांच्या हिशेबात सरांच्या कारकिर्दीची किंमत करू पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही.

हा लेख गौरवपर होऊ नये, अशी सरांची दुसरी अट होती. त्यांच्याच सांगण्यावरून एक प्रसंग येथे नोंदवतो. बऱ्याच वर्षांपूर्वी सातवीत एक मुलगा होता. सडपातळ, डोळे किंचित पिवळसर, नेहमी मागे रेंगाळणारा. वर्गात आम्ही त्याला आळशी म्हणत असू. हिवाळ्यातल्या एका पहाटे तो उशिरा आला, म्हणून सरांनी त्याला मैदानाच्या तीन फेऱ्या मारायला लावल्या. त्या काळी ही शिक्षा सगळेच देत. त्या रात्री मुलगा हातपाय धरून विव्हळत होता. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आधी बाम लावला. मध्यरात्री सर आले, त्यांनी मुलाला पाठीवर घेतले आणि रुग्णालयात नेले. रक्ततपासणी झाली. सिकलसेल.

आपल्या भागात हा आजार नवा नाही. आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना उठतात. थंडी, शरीरातले पाणी कमी होणे आणि अतिश्रम ही त्याची निमित्ते. त्या पहाटे तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. मुलगा आठवडाभराने बरा होऊन परतला. सर मात्र पूर्वीचे राहिले नाहीत. दुसऱ्या दिवशी परिपाठात सगळ्या शाळेसमोर त्यांनी सांगितले, “चूक माझी होती. यापुढे या मैदानावर धावणे ही शिक्षा असणार नाही.” ३३ वर्षांत शिक्षकाने मुलांसमोर चूक कबूल केल्याचा दुसरा प्रसंग आम्हाला आठवत नाही. त्याला आळशी म्हणणाऱ्या आम्हीही त्या दिवशी उठून काही बोलायला हवे होते. आम्ही बोललो नाही.

सरांनी पुढे आरोग्य केंद्राच्या मागे लागून सगळ्या वसतिगृहाची तपासणी करवून घेतली. आणखी काही मुले आजाराची आणि बरीच वाहक निघाली. पालकांना बोलावून वाहक म्हणजे रोगी नव्हे, पण दोन वाहकांचे लग्न जुळवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हे त्यांनी पुनःपुन्हा समजावले. प्रत्येक मुलाचे एक कार्ड केले. आजार असलेल्या मुलांना मैदानातून हाकलले नाही. दर थोड्या वेळाने पाणी, थंडीत उशिरा सराव, दम लागला की बसण्याची मोकळीक, अशी व्यवस्था लावली. तो पहिला मुलगा खेळाचा पंच झाला. शिट्टी आणि घड्याळ त्याच्या हाती आले. आज तो औषधांचे दुकान चालवतो आणि तालुक्याच्या स्पर्धांना अजूनही पंच म्हणून उभा राहतो. वर्गशिक्षकाला मुलाचे अक्षर दिसते. त्याची चाल, त्याचा श्वास, त्याच्या डोळ्यांतली पिवळी झाक पाहणारा माणूस शाळेत एकच असतो. तो नसेल तर पुढच्या अशा मुलाला आपण काय म्हणणार आहोत? पुन्हा आळशीच म्हणणार.

आपली शाळा बुद्धाच्या नावाने चालते, म्हणून धम्माच्या अंगानेही याचा विचार करू. आर्य अष्टांगिक मार्गातले सहावे अंग ‘सम्मा वायामो’, म्हणजे सम्यक व्यायाम. येथे व्यायाम याचा अर्थ दंडबैठका नव्हे, मनाचा योग्य प्रयत्न, हे आम्ही जाणतो. त्याची चार रूपे सांगितली आहेत. न उपजलेले अकुशल उपजू न देणे, उपजलेले सोडणे, न उपजलेले कुशल उपजवणे आणि उपजलेले वाढवणे. खर्रा न लागू देणे, लागलेला सोडवणे, दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवण्याची सवय लावणे आणि ती टिकवणे, हे सरांचे काम या चौकटीत किती सहज बसते ते वाचकांनीच पाहावे. शरीराची उपेक्षा हा तर बुद्धाचा मार्ग नव्हताच. सहा वर्षांच्या देहदंडनानंतर सिद्धार्थाने सुजाताची खीर स्वीकारली. अंगुत्तर निकायात सोण नावाच्या भिक्खूची कथा येते. अतिउत्साहाने चंक्रमण करून त्याचे पाय रक्तबंबाळ झाले, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेचा दाखला दिला. तार फार ताणली तर सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. तीन फेऱ्यांच्या त्या प्रसंगानंतर सर ही कथा दर वर्षी नव्या मुलांना सांगत. आमच्यासारख्या गुणपत्रिकेची तार ताणत बसणाऱ्यांनीही ती ऐकायला हवी.

कारण दोष केवळ शासनाचा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात खेळाचे मैदान शाळेच्या आवश्यक गोष्टींत गणले आहे. सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी निदेशकाची तरतूद आहे. पण तो अंशकालीन. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते की अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम अशी भिंत नको. कागदावर हे सारे आहे. प्रत्यक्षात भिंत आपणच बांधतो. जानेवारी उजाडला की पी.टी.चा तास कोण मागून घेते? आम्ही स्वतः वर्षानुवर्षे घेतला आहे. “सर, आमचा स्वातंत्र्यलढा राहिलाय, आजचा तास द्या,” असे म्हणायचे आणि सरांनी हसून मुले वर्गात पाठवायची. तो तास आम्ही कधी परत केला नाही. या लेखाच्या शीर्षकातले ऋण हे आधी आमचे वैयक्तिक ऋण आहे.

तेव्हा तक्रार करून थांबणे योग्य नव्हे. संस्थेच्या विश्वस्तांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे आम्ही पुढील गोष्टी नम्रपणे मांडतो. अभ्यासिका भोजनगृहाच्या इमारतीवर दुसरा मजला चढवून बांधावी. मूळ बांधकामाचा पाया त्या हिशेबाने घातलेला आहे. खर्च काहीसा वाढेल, पण गेलेले मैदान कोणत्याही खर्चाने परत येत नाही. शासनाची मान्यता येईपर्यंत पूर्णवेळ प्रशिक्षित क्रीडाशिक्षक संस्थेने स्वतः नेमावा. दीडशे माजी विद्यार्थ्यांनी महिन्याला २०० रुपये दिले तरी ३०,००० रुपये होतात आणि एका तरुण शिक्षकाला सन्मानाने उभे राहता येते. सिकलसेलची तपासणी आणि कार्डांची नोंद दर वर्षी पहिल्याच महिन्यात पूर्ण व्हावी. आणि क्रीडेचा तास कोणत्याही विषयशिक्षकाने मागू नये. हा शेवटचा नियम मोडणाऱ्यांत आम्ही अग्रभागी होतो, म्हणून तो पाळण्याची पहिली हमीही आमचीच.

स्मरणिकेची यादी आता बदलली आहे. कापड दुकानाची जाहिरात मागच्या पानांत गेली. सरांचे छायाचित्र मात्र मिळाले नाही. शाळेच्या सगळ्या समूहचित्रांत ते कडेला उभे राहून रांग सरळ करत आहेत आणि त्यांचे तोंड मुलांकडे आहे.

वर्धापनदिनाच्या समारंभाची वेळ निमंत्रणपत्रिकेवर सकाळी दहाची छापली आहे. माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की त्यांनी सहालाच यावे. सरांनी स्वतः फक्की टाकून खो-खोचे मैदान आखून ठेवण्याचे कबूल केले आहे. कललेला खांबही तोवर सरळ झालेला असेल. विश्वस्तांनाही आम्ही त्याच वेळेला बोलावले आहे. मैदानाचा निर्णय मैदानावर उभे राहून व्हावा, इतकीच इच्छा आहे. येताना पायांत बूट घालून यावे. जयभीम.